तळ सुटलेली होडी: एका फायबर कामाची चिरफाड

पेडण्याकडच्या एका मासेमारी कुटुंबाने डिचोलीतल्या एका वर्कशॉपकडून साडेआठ मीटरची फायबरची होडी बनवून घेतली, ऑगस्टच्या सुरुवातीला पाण्यात घातली आणि डिसेंबरपर्यंत तिचा तळ सुटायला लागला. सुटला म्हणजे भोक पडलं नाही की तडा गेला नाही, बाहेरून बघाल तर जेलकोट, म्हणजे सगळ्यात बाहेरचा थर, चकाचक, पण आत उभं राहिलं की पायाखाली तळ दबतोय असं वाटायचं, आणि वाळूवर ओढून आडवी करून बोटांच्या पेरांनी वाजवली तर काही ठिकाणी टणटण, काही ठिकाणी नुसतं बद्द. मालक म्हणाला वर्कशॉपने लेयरच कमी मारलेत. वर्कशॉपवाला म्हणाला रेझीन खराब आलं. रेझीनच्या डीलरने अर्थातच होडी खडकावर घातली असणार असं सांगून टाकलं. शेवटी मालक आणि वर्कशॉपवाला दोघांनी मिळून मला बोलावलं, कारण मी ना रेझीन विकतो ना मॅट, फक्त फायबरच्या कामाची तपासणी करतो. नावं कोणाचीच देत नाही, गरजही नाही, जून-जुलैत गोव्यात जिथे जिथे फायबर मारतात तिथे हे होऊ शकतं.

आधी अशी होडी बनते कशी ते सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. साच्यात काम उलटं चालतं, जो थर बाहेर दिसणार तो आधी. साच्याला वॅक्स पॉलिश, त्यावर पीव्हीए (होडी साच्यातून सुटावी म्हणून), मग अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जेलकोट, आणि मग मॅट. मॅट म्हणजे चॉप्ड स्ट्रँड मॅट, सीएसएम. काचेच्या धाग्यांचे साधारण ५० मिलिमीटरचे तुकडे कसेही विस्कटून पसरलेले आणि बाइंडरने एकमेकांना धरलेले, यात विणकाम अजिबात नसतं. रोलवर ३००, ४५०, ६०० लिहिलेलं असतं ते एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन. रेझीन, म्हणजे पातळ लावून कडक होणारी राळ, लावलं की त्याला पातळ ठेवणारं त्यातलं स्टायरीन बाइंडर विरघळवतं, मॅट एकदम मऊ पडते आणि साच्याच्या कोपऱ्यात, कण्याच्या खाचेत नीट बसते. विणलेलं कापड तिथे अडतं, सुरकुत्या पडतात.

मॅटमध्ये धागे सगळ्या दिशांना असल्यामुळे ताकद सगळीकडे सारखी, पण एकूण ताकद कमी, कारण विस्कटलेले धागे एकमेकांजवळ बसत नाहीत आणि मध्ये रेझीन भरपूर लागतं. हाताने मारलेल्या मॅटमध्ये काच वजनाने ३० टक्क्यांच्या आसपास, बाकी रेझीन. म्हणजे ४५० च्या एका लेयरला चौरस मीटरमागे एक किलोहून थोडं जास्त रेझीन लागतं आणि जाडी येते साधारण १ मिलिमीटर. विणलेलं रोव्हिंग, म्हणजे काचेच्या जाड धाग्यांचं कापड, ज्याला सगळे डब्ल्यूआर म्हणतात, त्यात काच जवळजवळ निम्मी, ताकद मॅटच्या दुपटीहून जास्त. मग सगळी होडी डब्ल्यूआरचीच का नाही मारायची, असं प्रत्येक मालक एकदा तरी विचारतो. कारण डब्ल्यूआरवर डब्ल्यूआर धरत नाही. विणीचे उंचवटे उंचवट्यांना टेकतात, मधल्या खोलगट जागेत एकतर नुसतं रेझीन साचतं किंवा हवा राहते. मध्ये मॅट असली की तिचे मोकळे धागे त्या खोलगट जागा भरतात आणि वरच्या-खालच्या दोघांना धरून ठेवतात. मॅट ही लॅमिनेटमधली, म्हणजे एकजीव झालेल्या थरांमधली, गोंद धरणारी बाई आहे, पैलवान डब्ल्यूआर. म्हणून आलटून पालटून मारायचं.

या होडीच्या तळाचा कागदावरचा क्रम असा होता: जेलकोट, ३०० मॅट, ४५० मॅट, ४५० मॅट, डब्ल्यूआर ६००, ४५० मॅट, डब्ल्यूआर ६००, ४५० मॅट. जेलकोट सोडून जाडी बघितली तर साडेसहा मिलिमीटर भरते. क्रम चांगला आहे, मला विचाराल तर या आकाराच्या होडीला मीही यापेक्षा फार वेगळं काही लिहिलं नसतं. पुढे जे झालं त्यात या कागदाचा दोष नाही, दोष असलाच तर एवढाच की कागदावर क्रम असतो, वेळ नसते.

आता तपासणी. पहिलं काम सगळ्यात स्वस्त, नाणं आणि खडू. होडी पालथी घालून पूर्ण तळ नाण्याने वाजवत गेलो आणि जिथे आवाज बद्द येतो तिथे खडूने रेघ मारत गेलो. नकाशा तयार झाला तो बोलका होता: कण्याच्या दोन्ही बाजूंना, मधल्या भागात, साधारण चार चौरस मीटरचा पट्टा सुटलेला, आणि बाजू मात्र वरपर्यंत टणटणीत. खडकावर आपटली असती तर एखादा गोल डाग असता, त्याच्या मध्यभागी जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे असते. तसं काही नव्हतं. डीलरचा सिद्धांत तिथेच संपला.

मग होल सॉने तीन चकत्या काढल्या, एक सुटलेल्या भागातून, एक तळाच्याच चांगल्या वाटणाऱ्या कडेतून, एक बाजूतून. सुटलेल्या भागात करवत आत गेली तसं खारं पाणी आलं, चमचाभर असेल, पण आलं. पाणी कुठून गेलं ते शोधायला लागलं नाही, मागे कण्याला बोल्ट मारलेत तिथलं सीलंट कोरडं पडलेलं होतं. त्या पाण्याला वास नव्हता हे महत्त्वाचं. कारण फायबरच्या होडीचा तळ बिघडला की सगळे एका दमात ऑस्मोसिस म्हणतात, म्हणजे जेलकोटमधून पाणी हळूहळू आत झिरपणं, पण ऑस्मोसिसमध्ये जेलकोटवर फोड येतात, फोड फोडला तर आतलं पाणी व्हिनेगरसारखं आंबट वास मारतं, आणि ते सहसा काही वर्षांनी होतं, चार महिन्यांत नाही.

पहिली चकती हातात घेतली आणि दोन झाल्या. जोर लावायला लागलाच नाही. आणि त्या दोन तोंडांवर सगळं प्रकरण लिहिलेलं होतं. बाहेरच्या बाजूची चकती, म्हणजे जेलकोटकडची, तिचं आतलं तोंड गुळगुळीत, चमकदार, त्यावर ब्रशचे फराटे स्पष्ट. आतल्या चकतीच्या तोंडावर डब्ल्यूआरच्या विणीची चौकड उमटलेली आणि तिच्यावर त्याच फराट्यांचा उलटा ठसा. एकही धागा तुटलेला नाही, एकही केस उभा नाही. लॅमिनेट जेव्हा खरोखर जोर पडून फाटतं तेव्हा दोन्ही तोंडं पांढरी, खरबरीत आणि केसाळ होतात, कारण मॅटचे धागे उपटून निघतात. इथे काहीच फाटलेलं नव्हतं, कारण फाटायला आधी चिकटलेलं असावं लागतं.

सुटलेली पातळी बरोबर तिसऱ्या मॅटनंतर होती. म्हणजे जेलकोट सोडून तीन मॅटचा २.८ मिलिमीटरचा एक पापुद्रा, आणि उरलेला ३.७ मिलिमीटरचा दुसरा. तळ का दबत होता त्याचं गणित इथे आहे. पत्र्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून एकजीव साडेसहा मिलिमीटर आणि एकमेकांवर नुसते टेकलेले २.८ अधिक ३.७ यांत फरक थोडाथोडका नसतो, दुसऱ्याचा कडकपणा पहिल्याच्या साधारण एक चतुर्थांश उरतो. मालकाला पायाखाली जे जाणवत होतं ते भ्रम नव्हतं. आणि एकदा तळ असा लवलवायला लागला की प्रत्येक लाटेला सुटलेल्या पट्ट्याची कड अजून थोडी उसवते, म्हणून अशी होडी "चालतेय तोवर चालू दे" म्हणून सोडायची नसते.

"लेयर कमी मारलेत" हा आरोप तपासायला उरलेल्या चकत्यांचे तुकडे लॅबच्या मफल फर्नेसमध्ये, म्हणजे बंद भट्टीत, जाळले. साधारण ६०० डिग्रीच्या खाली रेझीन जळून जातं आणि काच तशीच राहते. राखेतून एकेक थर चिमट्याने उचलता येतो, मॅट सुटी सुटी होते, डब्ल्यूआर मात्र कापडासारखं अख्खं निघतं, त्यामुळे मोजणीत घोळ होत नाही. पाच मॅट, दोन डब्ल्यूआर, सगळे हजर. वजनही केलं, या क्रमाला काच ३५ टक्क्यांच्या जवळ यायला हवी, आली. म्हणजे मालाची चोरी नाही, आणि रेझीन वारेमाप ओतलेलंही नाही. मालकाला हे ऐकून थोडं वाईटच वाटलं असावं, कारण चोर सापडला की भांडण सोपं होतं.

मग रेझीन. बारकोल मीटरने, म्हणजे कडकपणा मोजणाऱ्या टोचणीने, आतल्या पृष्ठभागावर आणि सुटलेल्या तोंडावर ठिकठिकाणी टोचून बघितलं, आकडे चाळिशीच्या आसपास, या पॉलिस्टर रेझीनसाठी ठीक. कच्चं राहिलेलं रेझीन असं टोचलं की तिशीच्या खाली घसरतं आणि ॲसिटोनचा बोळा फिरवला की चिकट होतं. शिवाय त्याच ड्रममधलं रेझीन वर्कशॉपने एका घराच्या छताच्या शीटना वापरलेलं होतं, त्या शीट जाऊन बघितल्या, मस्त आहेत. रेझीनही सुटलं.

मधल्या मधे मॅटच्या रोलचीही चौकशी केली, कारण रोल सिमेंटच्या जमिनीवर उभे ठेवलेले दिसले आणि माझं डोकं फिरलं. एक पट्टी कापून वजन केली, ओव्हनमध्ये १०५ डिग्रीला वाळवली, परत वजन केली. मॅटमध्ये ओल ०.२ टक्क्यांच्या आत असावी असं साधारण कंपन्या सांगतात, ही त्याच्या बरीच वर होती. ओली मॅट रेझीन नीट पीत नाही, पांढरट डाग राहतात, आणि काचेवर रेझीन धरायला जो लेप दिलेला असतो त्याचं आणि रेझीनचं जुळत नाही. बाजूच्या चकतीत असे पांढरट डाग होतेही. पण ओल सगळीकडे सारखी होती आणि सुटला फक्त तळ, त्यामुळे हा गुन्हा वेगळा, त्याची शिक्षा वेगळी.

तर मग तिसऱ्या मॅटवर झालं काय? इथे खरं पुस्तक उघडलं ते मिस्त्रीच्या मोबाइलमध्ये. मिस्त्री रोज संध्याकाळी मालकाला कामाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचा, "आजचं काम" म्हणून. तिसऱ्या मॅटचा फोटो २० जूनचा. डब्ल्यूआर मारतानाचा फोटो ३ जुलैचा. मध्ये तेरा दिवस काही नाही. आणि २० जूनच्या फोटोत तळाचा मधला भाग बाजूंपेक्षा वेगळा दिसत होता, बाजू ओलसर चकाकणाऱ्या, तळ जरा मंद, मेणकट.

मिस्त्री सावंतवाडीकडचा, हाताला चांगला, काही लपवून ठेवायच्या वृत्तीचा नाही. विचारलं तर सरळ सांगितलं. २० तारखेला वादळी पावसात शेडचे पत्रे उचकटले आणि पाणी थेट साच्यात ठिबकायला लागलं. साचा कणा खाली करून ठेवलेला, म्हणजे पाणी जमणार ते तळातच. "मेण घातला नाय तर सगळा चिकट रवता, वर पाणी पडला की पांढरा पडता," असं तो म्हणाला, आणि त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. पॉलिस्टर रेझीनचा वरचा पापुद्रा हवेतल्या ऑक्सिजनमुळे पूर्ण सुकत नाही, बोट लावलं की चिकट लागतो. त्यावर उपाय म्हणजे रेझीनमध्ये स्टायरीनमध्ये विरघळवलेलं थोडं पॅराफिन मेण मिसळायचं, रेझीन सुकताना मेण वर तरंगतं, हवा अडवतं आणि पृष्ठभाग कडक कोरडा होतो. शेवटच्या टॉपकोटला हेच करतात आणि ते बरोबरच आहे. मिस्त्रीने तळावर ब्रशने मेणाच्या रेझीनचा एक हात फिरवला, म्हणजे ठिबकणाऱ्या पाण्याने मॅट खराब होऊ नये. त्या क्षणापुरता विचार केला तर त्याने होडी वाचवली.

पण हा शेवटचा थर नव्हता. मध्येच मेण लावणं म्हणजे घडीच्या पोळीत घड्यांच्या मध्ये तेल-पीठ लावतात तसं झालं, ते लावतातच पदर सुटावेत म्हणून.

मग मधल्या दिवसांत काय चाललं होतं? पत्रे परत बसवणं, दोन दिवस लाइट नाही, २४ जूनला सांजांवचा सण, अर्धी माणसं शिवोलीला होड्यांची मिरवणूक बघायला, आणि मग ज्या घराचं छप्पर त्याच वादळात उडालं होतं त्यांच्या फायबर शीटची तातडीची ऑर्डर. कोणाला दोष देणार, उघड्या छताखाली माणसं बसलेली असताना होडी थांबू शकते. ३ जुलैला परत होडीला हात लावला तेव्हा तळ छान कोरडा, कडक, स्वच्छ दिसत होता. ॲसिटोनने पुसून घेतला आणि कागदावर पुढे लिहिलेलं डब्ल्यूआर मारलं. ग्राइंडर फिरवला नाही. ॲसिटोनने मेण निघत नाही, एका जागचं दुसऱ्या जागी पसरतं एवढंच.

हे मी नुसतं सांगोवांगी मानलं नाही. सुटलेल्या तोंडावर पाण्याचा फवारा मारला, पाणी थेंब थेंब होऊन पळालं. त्याच चकतीचा अर्धा भाग घासून परत फवारा मारला, पाणी सपाट पसरलं. साधी चाचणी आहे, कोणीही करू शकतो, आणि परत लेयर मारण्याआधी प्रत्येक वर्कशॉपने करावी.

आता बाजू का टिकल्या? तोच खाडा, तेच रेझीन, तीच मॅट, तेच डब्ल्यूआर, फक्त मेण नाही. बाजूच्या चकतीत मी छिन्नी घालून तोच सांधा उघडायचा प्रयत्न केला, उघडला, पण धागे उपटत, केस उभे करत. चांगला सांधा म्हणायला जीव धजत नाही पण सांधा आहे. रेझीन ताजं असताना, म्हणजे पहिल्या चोवीस तासांत, खालच्या थरात अजून जुळायला तयार असलेली टोकं शिल्लक असतात, वरच्या रेझीनचं स्टायरीन आत शिरतं आणि दोन थर रासायनिक रीतीने एक होतात. जसजसे दिवस जातात तशी ही टोकं संपत जातात, मग फक्त खरबरीतपणावर पकड मिळते, आणि तो खरबरीतपणा ग्राइंडरने द्यावा लागतो. बाजूंचा वरचा चिकट पापुद्रा तेरा दिवसांनंतरही थोडाफार जिवंत राहिला असावा, त्यावर ती पकड मिळाली. तळावर मेणाने हवा अडवली, पृष्ठभाग पूर्ण सुकला, आणि वरून मेणच बसलं. म्हणजे दोन्ही दारं बंद.

आणि यात डब्ल्यूआरने भर घातली. कागदावर डब्ल्यूआरच्या खाली मॅट होती, बरोबर होती, पण ती गृहीत धरलेली मॅट ओली असायला हवी, जिच्यात वीण रुतून बसेल. २० जूनची मॅट ३ जुलैला नुसती कडक फरशी झाली होती. डब्ल्यूआर थेट फरशीवर टेकलं, फक्त उंचवट्यांवर. खाडा पडला की पुन्हा सुरुवात नेहमी ताज्या मॅटने करायची, कागदावर असो नसो, हा नियम मला कुठल्या पुस्तकापेक्षा अशा चकत्यांनी जास्त पटवलाय. एक जादा ४५० ची मॅट मारली असती तर मेणावर तीही सुटली असती, हे खरं, पण घासून मारली असती तर हा लेखच लिहायला लागला नसता.

हे सगळं जूनमध्येच का होतं?

हा प्रश्न मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारीची बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस. होड्या किनाऱ्यावर असतात ते हेच दोन महिने. त्यामुळे डागडुजी, जुन्या तळाला फायबर मारणं, नवी होडी "एक ऑगस्टच्या आत द्या" म्हणून मागणं, सगळं याच दोन महिन्यांत. आणि गोव्यात वर्षाला जो तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो त्यातला मोठा वाटा नेमका याच दोन महिन्यांत पडतो. म्हणजे जे काम कोरड्या हवेत करायचं ते सगळ्यात ओल्या दिवसांत करायचा नियमच पडलाय, आणि मालक चुकीचा नाही, वर्कशॉप चुकीचं नाही, सरकारी बंदीही माशांच्या दृष्टीने बरोबर आहे.

थंड देशांतली पुस्तकं तापमानावर पानंच्या पानं लिहितात, १५ डिग्रीच्या खाली काम करू नका वगैरे. आपल्याकडे पावसात २६-२७ डिग्री असतं, त्याची काळजी नाही. काळजी दवाची. हवा २७ डिग्री आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २५ च्या जरा वर येतो, म्हणजे साचा हवेपेक्षा दोनच डिग्री थंड असला तरी त्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो. पहाटेचा फायबरचा जाड साचा सहज तेवढा थंड असतो. सकाळी सातला काम सुरू करणारं वर्कशॉप पाण्यावर रेझीन मारतं आणि कोणाला कळतही नाही. आणि मग रेझीन जेल होत नाही, म्हणजे घट्ट होत नाही, म्हणून त्याला कडक करणारं कॅटॅलिस्ट वाढवायचं. ते १ ते २ टक्क्यांत ठेवायचं असतं, वर गेलं की जेल लवकर होतं पण लॅमिनेट नीट पिकत नाही. घाईत बाटलीच्या झाकणाने कॅटॅलिस्ट मोजणारे पोरगे मी फार बघितलेत. आणि कोबाल्ट, म्हणजे सुकण्याचा वेग वाढवणारं द्रव्य, नि कॅटॅलिस्ट एकत्र एका भांड्यात कधी ओतू नका रे बाबांनो, पेट घेतं, स्फोट होतो, आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण मिसळा, मग कॅटॅलिस्ट.

खाडे पडणार हेही गृहीतच धरायला हवं. सगळे लेयर एका दमात मारता येत नाहीत, जाड लॅमिनेट सुकताना आतून इतकं तापतं की वाकतं, पिवळं पडतं, म्हणून दोन-तीन मॅटनंतर थांबावंच लागतं. थांबणं वाईट नाही. थांबल्यावर पृष्ठभाग कसा सोडला आणि परत कधी हात लावला, एवढंच बघायचं.

दुरुस्ती

वर्कशॉपवाल्याचं पहिलं म्हणणं होतं की छोटी भोकं पाडून सिरिंजने रेझीन भरू, दोन दिवसांत काम. मी नाही म्हटलं. आत मेण आहे, मिठाचं पाणी जाऊन आलंय, कुठलंही रेझीन भरलं तरी ते मेणाला चिकटणार, म्हणजे कशालाच नाही. आवाज मात्र टणटण येईल आणि सगळे खूश होऊन जूनपर्यंत शांत बसतील.

आतून उघडायचं की बाहेरून, हा खरा निर्णय होता. आतून उघडायचं तर फळ्यांखालचे सगळे आडवे-उभे वासे आणि त्यांच्यावरचं फायबर काढावं लागलं असतं, म्हणजे होडीचा सांगाडाच मोकळा करायचा. म्हणून बाहेरून. पालथ्या होडीचा खडूने आखलेला भाग आणि त्याच्या भोवती एक वीत जास्त, २.८ मिलिमीटरचा पापुद्रा वरच्या जेलकोटसकट पूर्ण काढला. मधला भाग पटाशीने खपल्यासारखा निघाला, कडांना मात्र ग्राइंडर. कडेला उतार दिला, नियम एकास बारा, म्हणजे २.८ ला साडेतीन सेंटिमीटर, आम्ही सहा दिला कारण तळ आहे. उघडं पडलेलं डब्ल्यूआर जाड ग्रिटच्या डिस्कने विणीच्या खोलगट भागांपर्यंत घासलं, कारण मेणाचा ठसा तिथेही होता. पाण्याचा फवारा मारून सपाट पसरतंय याची खात्री, मग गोड्या पाण्याने धुणं, मग वाळवणं. जानेवारीचं कोरडं वारं होतं, तरी दुपारपर्यंत थांबायचं हा हट्ट मी सोडला नाही. काचेच्या धुळीसाठी मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सगळ्यांना सक्तीचे, एकाने ऐकलं नाही, त्याला दोन रात्री झोप लागली नाही खाजेने.

घासलेल्या डब्ल्यूआरवर पहिली ४५० मॅट, रेझीन व्हिनिल एस्टर, जुन्या पृष्ठभागाला ते पॉलिस्टरपेक्षा चांगलं धरतं. महाग आहे पण चार चौरस मीटरला किती लागणार, तिन्ही मॅट मिळून मॅट पाच किलोच्या आत आणि रेझीन बारा किलोच्या आत. दुसरी ४५०, वर ३००, वर पातळ सरफेस टिश्यू, सगळं एका दिवसात, ओल्यावर ओलं, रोलरने हवा काढत. शेवटी मेण घातलेला टॉपकोट. मिस्त्रीने मेणाची बाटली हातात घेऊन माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं आता घाल, आता हक्काने घाल.

माल स्वस्तात झाला, पैसे गेले ते घासण्याच्या मजुरीत. वर्कशॉपने तो सगळा खर्च अंगावर घेतला, मालकाने बंद राहिलेल्या दिवसांचं मागितलं नाही, का नाही मागितलं ते मला माहीत आहे पण तो त्यांचा घरचा विषय. मागचे बोल्ट काढून नव्या सीलंटमध्ये बसवले. नंतर तळ पुन्हा नाण्याने वाजवला, सगळा एका सुरात.

वर्कशॉपमध्ये दोन गोष्टी बदलल्या. मॅटचे रोल आता लाकडी फळ्यांवर, प्लास्टिकमध्ये, आणि वापरायच्या आदल्या रात्री एका छोट्या खोलीत बल्ब लावून ठेवतात. आणि साच्याच्या कडेवर मिस्त्री मार्करने लिहितो, कुठला लेयर, किती वाजता, मेण की बिनमेण. काम थांबणार असं दिसलं तर शेवटच्या ओल्या मॅटवर पील प्लाय टाकायचं ठरलंय, नायलॉनचं कापड, परत सुरू करताना फाडून काढलं की खाली स्वच्छ खरबरीत पृष्ठभाग तयार. पहिला रोल आणला तेव्हा "कापड फेकूनच द्यायचं तर पैसे कशाला" अशी कुरकुर झाली, पण घासण्याची मजुरी सगळ्यांच्या डोक्यात ताजी होती.

बाजूंना आम्ही हात लावला नाही. त्या सांध्यावर माझा पूर्ण विश्वास नाही आणि तसं मी मालकाला लिहूनही दिलंय. बंदी सुरू होऊन होडी वर आली की बाजू पुन्हा पूर्ण वाजवायच्या, आणि कुठे बद्द आवाज आला तर पाऊस ओसरेपर्यंत ती होडी शेडमध्येच ठेवायची, एक ऑगस्ट असो की नारळी पौर्णिमा.